पिवळा दिवा

या घराण्यात आजवर एकही निर्णय घाईत घेतला गेलेला नाही. ही गोष्ट नाना छातीवर हात ठेवून सांगत, आणि ती खरी होती. घाई न केल्यामुळे बरेचसे निर्णय घेतलेच गेले नाहीत, आणि जे घेतले गेले त्यांची गरज तोवर संपलेली होती. वर्कशॉपला मागून दुसरा दरवाजा पाडायचा की नाही यावर नऊ वर्षं विचार झाला. पाडायचा असं एकमताने ठरलं त्या दिवशी मागच्या बाजूला शेजाऱ्यांची भिंत उभी होती, आणि तिला रंगसुद्धा लावून झाला होता.

नानांचं सगळं शास्त्र लिफ्टच्या घरच्या धंद्यातून आलेलं. नवी बसवलेली किंवा दुरुस्त केलेली लिफ्ट माणसं आत घालण्याआधी तीनदा रिकामी वरखाली करायची, असा त्यांचा नेम होता. पहिल्या फेरीत आवाज ऐकायचा, दुसरीत थांबणं बघायचं, तिसरी खरी. यांना ते कोऱ्या फेऱ्या म्हणत. हाच नेम त्यांनी घरालाही लावला. महत्त्वाचा विषय आला की तीनदा मतं घ्यायची, मधल्या वेळात बोलून घ्यायचं आणि तिसऱ्या फेरीचं मत धरायचं. ज्याच्याबद्दल ठरवायचं त्याला मत नाही आणि खोलीत प्रवेशही नाही, कारण कोऱ्या फेरीत लिफ्टमध्ये कोणी बसत नाही.

मतं घ्यायला नानांनी तरुणपणी स्वतःच्या हाताने एक पेटी केली होती. जेवणाच्या टेबलाच्या कडेला, खालच्या अंगाने, पाच जागी पाच बटणं. तिथून वायरी पेटीत. पेटीत पाच रिले, म्हणजे विजेने ओढले जाणारे छोटे खटके. वर एक हिरवा दिवा, एक लाल. बटण दाबलं की हो, नाही दाबलं की नाही. तीन हो झाले की हिरवा, नाहीतर लाल. कोणी काय केलं ते कुणालाच कळत नसे.

फक्त दादांना कळे.

दादा म्हणजे नानांचे थोरले. वय छप्पन्न, आणि त्यातली अडतीस वर्षं लिफ्टच्या कंट्रोल पॅनलसमोर गेलेली. पेटीतले पाचही रिले ते आवाजावरून ओळखत. नानांचा एकदाच आणि ठाम लागे. वहिनींचा, म्हणजे दादांच्या बायकोचा, जरा घुटमळून. आत्याचा, म्हणजे मधल्या बहिणीचा, ती शाळेत गणित शिकवत असल्यामुळे की काय, छडी मारल्यासारखा. धाकटे काका देखभालीचे करार आणत. त्यांचा रिले दोनदा वाजे, कारण ते दाबत, पस्तावत आणि पुन्हा दाबत. दादा या चौघांचे आवाज मोजत, आणि मगच स्वतः दाबायचं की नाही ते ठरवत. त्यामुळे ते कायम जिंकणाऱ्या बाजूला असत, आणि गेल्या एकतीस वर्षांत त्यांनी कुणालाही तोंडाने किंवा बोटाने नाही म्हटलेलं नव्हतं. ते नुसते गप्प बसत. घरात याला शहाणपण म्हणत.

या रविवारी दुपारी तीन वाजता मात्र दादा सगळ्यांच्या आधी टेबलाशी येऊन बसले होते.

विषय ठिणगीचा होता. दादा-वहिनींची ही एकुलती एक मुलगी. चार वर्षांची असताना तिने सॉकेटमध्ये काटा घालून पाहिला, तेव्हापासून तिचं खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर उरलं. आता ती पंचविशीची होती आणि तिला परदेशात मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स आणि कंट्रोल इंजिनिअरिंगच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला होता. दोन वर्षांचा अभ्यास, सहा आठवड्यांनी सुरू. फी माफ, वर विद्यावेतन. म्हणजे पैशाची अडचण नव्हती, आणि त्यामुळे घराची मोठीच पंचाईत झाली होती. हरकत घ्यायची तर ती दुसरीकडून शोधून आणावी लागणार होती. हो की नाही ते विद्यापीठाला आज संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचं होतं.

"तुम्ही तीन फेऱ्या घ्या," तिने सकाळी सांगितलं होतं. "मी गेले तर इथल्या कामाचं काय करायचं ते तुम्हालाच बघावं लागेल. तिसऱ्या फेरीला लाल आला तर मी त्यांना नाही कळवते. खरंच सांगते, रुसणार नाही."

"न रुसणाऱ्या मुलींपासून जपून राहावं," आत्या म्हणाली होती.

दादांची काळजी निराळीच होती. जुन्या लिफ्टचं पॅनल बोलतं. आत साठ-सत्तर रिले कटकट करत असतात आणि दादा दाराशी डोळे मिटून उभे राहिले की मिनिटभरात सांगत, तिसऱ्या मजल्याचा चिकटतोय. गिऱ्हाइकं बघतच राहत. पण अलीकडच्या पॅनलमध्ये रिले नसतात, तळहाताएवढा एक बोर्ड असतो, आणि तो बोलत नाही. दादांनी पहिला बोर्ड उघडला तेव्हा ते तासभर त्याच्याकडे बघत बसले, आणि तोही त्यांच्याकडे बघत बसला.

मग ठिणगी कामात आली. बंद पडलेली लिफ्ट असली की ती आदल्या संध्याकाळी जाऊन बोर्ड दुरुस्त करी आणि निघताना वायरींच्या पट्टीवरचा एक स्क्रू सैल करून ठेवी. सकाळी दादा जात, सवयीने डोळे मिटत, मग एकेक स्क्रू तपासत. सैल सापडला की आवळत. लिफ्ट चालू होई. "सैल होता," ते हात पुसत म्हणत, आणि काका गिऱ्हाइकाला म्हणत, "बघा, याला म्हणतात अनुभव." हे तीन वर्षं चाललं होतं. स्क्रू कोण सैल करतं ते दादांना पहिल्या महिन्यातच कळलं होतं. बाकी कुणाला यातलं काही माहीत नाही, अशी त्यांची समजूत होती. पोरगी परदेशी गेली की सगळे स्क्रू घट्ट असणार होते आणि सगळ्या लिफ्ट बंद.

"पहिली फेरी," नाना म्हणाले. एक्याऐंशी वर्षांचे असले तरी बैठकीत त्यांचा आवाज चाळिशीतला निघे. "ठिणगीने जावं की नाही. दाबा."

दादांनी टेबलाखाली हात नेला. बोटाला एकाऐवजी दोन बटणं लागली, शेजारीशेजारी. पंधरवड्यापूर्वी पेटी बिघडली होती आणि ठिणगीनेच ती दुरुस्त केली होती. एक जादा बसवलं असेल, असं त्यांना वाटलं. ते कान देऊन बसले.

काहीच वाजलं नाही.

समोर आत्याच्या खांद्याची हालचाल झाली. काकांची तर दोनदा झाली. पण पेटी ढिम्म. दादांना एकदम जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसं झालं. आणि मग पेटीवर, जिथे कधी काहीच नव्हतं तिथे, एक पिवळा दिवा उघडमीट करू लागला.

"ही कोण बया?" नानांनी विचारलं. "ठिणगे! इकडे ये. आत नको येऊस, दारात उभी राहा."

ठिणगी दारात आली. हातात स्क्रूड्रायव्हर होता. तिच्या हातात तो नसला की ती आजारी आहे असं समजत.

"एकाने काहीच दाबलेलं नाही, म्हणून पिवळा," ती म्हणाली. "मी सांगणारच होते. आता दोन बटणं आहेत. वरचं हो, खालचं नाही. पाचही मतं आल्याशिवाय पेटी निकाल देत नाही."

"पण पूर्वी गप्प बसलं की नाही धरायचे," दादा म्हणाले. बोलल्यावर त्यांना वाटलं, आपण नसतं बोललो तर बरं झालं असतं.

"हो, पण गप्प बसलेला माणूस नाही म्हणतोय, की झोपलाय, की दुसऱ्यांची वाट बघतोय, ते पेटीला कळायचं नाही ना बाबा."

"आणि रिले? त्यांचा आवाज येत नाहीये."

"काढले. दोन जळालेच होते. आत आता एक चिप आहे, करंगळीच्या नखाएवढी."

"पाचही काढलेस?" दादांचा आवाज घरातलं कोणी गेल्यासारखा निघाला.

"डब्यात ठेवलेत नीट. आवाज कशाला लागतो पण?" असं म्हणून ती त्यांच्याकडे गरजेपेक्षा जरा जास्त वेळ बघत राहिली आणि निघून गेली.

"तर मग," आत्या म्हणाली, "आपल्यातलं कोणीतरी झोपलंय किंवा वाट बघतंय. मी नाव घेत नाही. गुप्त मतदान आहे."

पिवळा दिवा उघडमीट करतच होता. दादांनी खालचं बटण दाबलं. एकतीस वर्षांतलं पहिलं नाही. इतकं हलकं गेलं की दाबलं गेलं की नाही याची त्यांना शंका आली. पिवळा विझला आणि लाल लागला.

घटकाभर दादांना हायसं वाटलं. मग हिशेब लक्षात आला. लाल म्हणजे किमान तीन. म्हणजे आणखी दोघांनी नाही म्हटलं होतं. कोणी? त्यांनी आयुष्यात प्रथमच घरच्यांच्या तोंडाकडे बघून काही कळतं का ते पाहिलं. काही कळलं नाही. त्याची सवयच नव्हती.

"बोला आता," नाना म्हणाले.

"तिकडे थंडी फार असते," काका म्हणाले.

"तू कधी गेला होतास?"

"ऐकून आहे, ताई. नाकातून पाणी येतं आणि तिथेच गोठतं म्हणे."

"तिला थंडी वाजत नाही, उकडत नाही. सोल्डरिंगला बसली की भूकसुद्धा लागत नाही. पुढची हरकत?"

"एकटी राहणार कशी?" वहिनी म्हणाल्या. त्यांनी हे इतक्या घाईने म्हटलं, जणू कोणीतरी आधी म्हणून टाकेल.

"वहिनी, ती इथेही दिवसभर एकटीच असते, पॅनलमध्ये मुंडकं घालून. आपण फक्त तिच्या पाठीला हाक मारतो."

"बरं, पण दोन वर्षं शिकून करणार काय?" काकांनी विचारलं. "कंट्रोल, कंट्रोल म्हणजे काय शेवटी?"

"पत्र वाचलंय मी," नाना म्हणाले. "जिथे थांबायचं तिथे नेमकं थांबायचं. पुढे नाही, मागे नाही, धक्का नाही."

"एवढ्यासाठी दोन वर्षं?"

"तुझ्या त्या सहा मजली इमारतीतली लिफ्ट अजून तीन बोटं वर थांबते. करार तू केलास, ठेच लोकांना लागते."

काका दुखावले. दुखावले की ते खरं बोलून जात. "ते ठीक आहे नाना, पण ती गेल्यावर ते सगळे बोर्ड कोण..." आणि ते तिथेच थांबले.

टेबलाखाली एक जोरदार लाथ बसली. ती वहिनींनी काकांसाठी काढली होती, पण लागली दादांच्या नडगीला. दादांनी बायकोकडे पाहिलं. बायको पंख्याकडे बघत होती. हिला आपण हिरवं दाबायला हवं आहे, असा त्यांनी त्या लाथेचा अर्थ लावला. मग तिने स्वतः काय दाबलं असेल? पूर्वी असली कोडी पडत नसत. पूर्वी तिचा रिले घुटमळायचा आणि विषय संपायचा.

"थंडी झाली, एकटेपणा झाला," आत्या सगळ्यांवर नजर फिरवत म्हणाली. "माझ्या वर्गातली मुलं गृहपाठ न करण्याची याहून चांगली कारणं देतात. काहीतरी आहे, जे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाहीये. दादा, तुला काही सुचतंय?"

"मला?" दादा म्हणाले. "नाही बुवा."

"दुसरी फेरी," नाना म्हणाले.

दादांनी पुन्हा खालचं दाबलं. या खेपेला जरा सराईतपणे. हिरवा लागला.

आता मात्र त्यांची पाचावर धारण बसली. कोणीतरी बाजू बदलली होती. कोणी बदलली ते पेटी सांगत नव्हती, आणि पुढची फेरी खरी होती.

"मी तर पहिल्यापासून हो म्हणत होतो," काका म्हणाले.

"मग मघाशी नाकातलं पाणी कुणाचं गोठत होतं?" आत्याने विचारलं.

वहिनी चहा टाकायला उठल्या. दादा त्यांच्यामागून स्वयंपाकघरात गेले. लग्नाच्या तीस वर्षांत ते बैठकीतून असे उठून गेलेले नव्हते, त्यामुळे टेबलावरचं बोलणं लगेच बंद पडलं आणि सगळे ऐकू लागले.

"तू हिरवं दाबलंस?" दादांनी दबक्या आवाजात विचारलं.

"गुप्त मतदान आहे, अहो."

"मी तुझा नवरा आहे."

"म्हणून तर गुप्त आहे."

"ते नाही सांगत तर निदान लाथ का मारलीस ते सांग."

"ती तुम्हाला नव्हती. भाऊजींना होती. तुमचे पाय नेहमी दुसऱ्याच्या जागेत असतात." वहिनींनी पातेल्यात साखर टाकली. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "एकदा तरी तुमच्या मनात काय आहे ते तोंडाने बोला. तीस वर्षं तुमच्या वतीने अंदाज करतेय मी. बाहेर सांगते, ह्यांना असं वाटतं, ह्यांना तसं वाटतं. मला काय ठाऊक तुम्हाला काय वाटतं? आता मी थकले."

दादा फळीकडे वळले. त्यांनी कप मांडले. पाच जणांना त्यांनी सात कप मांडले.

चहा झाला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच होत आले होते. ठिणगी बाहेरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली होती. तिच्या बसण्यात घाई नव्हती. हो किंवा नाही, दोन्हीतलं एक दाबायला ती तयार होती. तिथूनही काही ऐकू येत नव्हतं.

"तिसरी," नाना म्हणाले. "हीच धरली जाईल. नीट विचार करून दाबा."

पुन्हा खांदे हलले. आणि पुन्हा पिवळा दिवा लागला. उघडमीट, उघडमीट.

टेबलाभोवतीच्या चौघांनी मोठ्या काळजीने दादांकडे बघायचं टाळलं.

"कोणीतरी राहिलंय," नाना छताला म्हणाले.

"माझं झालंय," काका म्हणाले.

"माझंही," आत्या म्हणाली.

"माझंही," वहिनी म्हणाल्या.

"मी तर दोनदा दाबलंय," नाना म्हणाले.

"दोनदा दाबलं तरी एकच धरतं, नाना!" बाहेरून आवाज आला.

अशा रीतीने पन्नास वर्षं जपलेलं गुप्त मतदान संपुष्टात आलं. दादांचे दोन्ही हात टेबलावर होते, सगळ्यांना दिसतील असे. खालचं बटण दाबलं तर कदाचित लाल लागेल, आणि पोरगी राहील. कदाचित नाही लागणार. पण लागला तर तो आपल्यामुळे लागला हे आता बाहेर बसलेल्या मुलीलासुद्धा कळणार होतं. चार वाजून शेहेचाळीस मिनिटं झाली.

"मला बोर्ड येत नाहीत," दादा म्हणाले.

त्यांनी समोरचा कप बाजूला सरकवला.

"नवे बोर्ड. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तीन वर्षं तीच दुरुस्त करते. मी फक्त स्क्रू आवळतो. तोही तिनेच सैल केलेला असतो." ते थांबले, मग म्हणाले, "ती गेली तर मी कामावर जाऊन काय करू?"

"हात्तिच्या!" काका म्हणाले, आणि त्यांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचा कागद हलला. "बोललास बाबा एकदाचा!"

"तुला माहीत होतं?"

"दादा, तुला तो स्क्रू सापडायला वीस मिनिटं लागतात. गिऱ्हाइकाला वेळ देताना मी ती वीस मिनिटं धरूनच देतो."

"मी डब्याच्या पिशवीत चष्मा ठेवायचे," वहिनी म्हणाल्या. "जवळचा. स्क्रू लवकर दिसावा म्हणून."

दादांनी नानांकडे पाहिलं. नाना खाकरले. "मागच्या वर्षी त्या दवाखान्याच्या लिफ्टला ठिणगी स्क्रू सैल करायला विसरली असेल अशी मला शंका आली. रात्रीचं काम होतं, पोरगी दमलेली. म्हणून मी सकाळी सहाला रिक्षा करून गेलो आणि एक करून आलो."

"त्या दिवशी दोन निघाले होते!" दादा म्हणाले. "मला वाटलं, काम किती ढिसाळ झालंय."

"आणि तू कान देऊन मत देतोस हेही सगळ्यांना माहीत होतं," आत्या म्हणाली. "मी तर कितीदा तुझ्यासाठी मुद्दाम जोरात दाबायचे. वर्कशॉपच्या दरवाजाच्या वेळी तर बोट दुखायला लागलं होतं माझं."

मग एकेक बाहेर पडू लागलं. काकांनी पहिल्या फेरीला लाल दाबलं होतं. बोर्डाच्या कामाला त्यांनी एक इंजिनिअर मुलगी महिन्यापूर्वीच बघून ठेवली होती, पण तिला दादांच्या समोर आणायची कशी, हे त्यांना सुचत नव्हतं. वहिनींनीही लालच दाबलं होतं.

"तुम्ही उघडे पडाल म्हणून," त्या म्हणाल्या. "मग दुसऱ्या फेरीला म्हटलं, पडा."

"म्हणजे माझ्यासाठी तुम्ही पोरीला अडवत होतात?" दादांचा आवाज चढला.

"ते तुझ्यासाठी अडवत होते," आत्या म्हणाली. "तू कुणासाठी अडवत होतास?"

हे तिने नेहमीच्या टवाळीने म्हटलं नव्हतं, त्यामुळे कोणी हसलं नाही. तिलाही ते जाणवलं असावं. तिने दादांच्या कपात उरलेला चहा ओतला. तो गार झाला होता.

ठिणगी दारात येऊन उभी होती. कधीपासून, ते कुणी पाहिलं नव्हतं.

"रुसणार नाही म्हणालीस," दादा म्हणाले. "खरंच नसतीस रुसली?"

ठिणगीने विचार केला. तिला प्रश्न विचारला की ती खरोखरच विचार करून उत्तर देई. ही सवय तिला घरातल्या कुणाकडून लागली ते कळायला मार्ग नव्हता. "नसते रुसले. राहिले असते. उद्या त्या बाजारातल्या इमारतीचा बोर्ड आहे. आज संध्याकाळी जाऊन करून आले असते."

"आणि स्क्रू?"

"तोही केला असता. डावीकडून चौथा ठरवला होता. गेले दोन महिने सगळे उजवीकडचे झाले, तुम्हाला संशय येईल म्हणून."

तिने हे अगदी सरळ सांगितलं. त्यात तक्रार नव्हती, आणि तेच दादांना लागलं. तीन वर्षं त्यांनी तो स्क्रू आपल्या बाजूने पाहिला होता, सकाळच्या. काम आटपल्यावर, हात काळे झालेले, घरी जायची वेळ होऊन गेलेली, आणि एक पोरगी थांबून ठरवते आहे की उद्या बाबांना कुठला सापडावा, हे त्यांनी कधी डोळ्यांसमोर आणलं नव्हतं. डावीकडून चौथा. या वयात तिने काय काय ठरवायचं, आणि ठरवत काय बसली होती.

"ते लोक तिकडे," दादांनी विचारलं, "तुला घट्ट स्क्रूंवर काम करू देतील ना?"

"स्क्रू नसतातच बाबा तिकडे. धुळीचा कण चालत नाही."

"मग आपलं कोणीच चालणार नाही," काका म्हणाले. "तू जाच."

दादा वाकले. बटण दिसावं म्हणून त्यांनी मान टेबलाखाली घातली, खिशातला जवळचा चष्मा काढला, लावला, आणि वरचं बटण दाबलं. सगळ्यांच्या देखत. गरजेपेक्षा बराच वेळ दाबून धरलं.

पिवळा विझला. हिरवा लागला. कसलाही आवाज झाला नाही.

काकांनी तोंडाने "टक्" केलं.

मग एकच गडबड उडाली. चार बावन्नला ठिणगीने लॅपटॉप टेबलावर आणला आणि होकाराचं बटण दाबलं. ते दाबताना बघायला नाना खुर्चीवरून उठले, तर त्यांची काठी पेटीला लागून पेटी खाली पडली. तिला काही झालं नाही. वहिनी इतका वेळ कोरड्या होत्या, त्या आता पदर डोळ्यांना लावून मुलीच्या स्वेटरांबद्दल बोलू लागल्या. काकांनी त्या इंजिनिअर मुलीला फोन करून उद्या सकाळीच बोलावलं आणि तिला सांगितलं, आमचे दादा जरा कडक आहेत पण त्यांना येत काही नाही, घाबरू नका. आत्या सहा आठवड्यांचे दिवस मोजत होती आणि ते दर वेळी बेचाळीसच निघत होते.

दादा कोपऱ्यात ठिणगीजवळ उभे होते. "मला शिकवशील का?" ते म्हणाले. "जाईपर्यंत. थोडंफार. बोर्ड कुठल्या बाजूने धरतात, एवढं तरी."

"शिकवेन की."

"बाकीच्यांना सांगू नकोस."

"बाबा, ते ऐकतायत."

"दादा, आम्ही ऐकत नाहीये," काका म्हणाले.

लॅपटॉपवर विद्यापीठाचं उत्तर आलं. होकार मिळाल्याबद्दल आनंद कळवला होता, आणि खाली सूचना होत्या. नानांच्या आग्रहामुळे ठिणगीने त्या मोठ्याने वाचल्या. चिप बनवायच्या धूळमुक्त प्रयोगशाळेचं काम चालू असल्याने पहिल्या सत्राचे सगळे वर्ग ऑनलाइन होतील. विद्यार्थ्यांनी फेब्रुवारीपर्यंत घरूनच शिकावं. त्याआधी येऊ नये, राहण्याची सोय होणार नाही.

वहिनींनी डोळ्यांवरचा पदर खाली घेतला.

"म्हणजे तू कुठे जाणार नाहीस?" नानांनी विचारलं.

"फेब्रुवारीत जाईन."

"म्हणजे मी सहा महिने आधीच बोललो," दादा म्हणाले.

पहिला वर्ग पुढच्या महिन्यात, दुसऱ्या सोमवारी, सकाळी नऊला होता. गच्चीवरची खोली रिकामी करून तिथे टेबल टाकायचं ठरलं. तिथे जायला लिफ्ट नाही, अठरा पायऱ्या आहेत.